निळ्या धाग्याची शिवण

द्र्यानोवो, ८ जून १९९८

प्रिय राइना,

तुझं निमंत्रण आलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. माझ्या यासेनचं आणि तुझ्या कालिनाचं ठरलं तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, आजकालची मुलं, नगरपालिकेत जाऊन सह्या करतील, दोन ग्लास वाइन पितील आणि मोकळी होतील. आता तू कळवतेस की लग्न चर्चमध्ये, तेही इथे आमच्याकडे, २३ ऑगस्टला. आणि आदल्या दिवशी कालिनाचा बाप्तिस्मा, कारण तो झालेला नाही आणि त्याशिवाय फादर लग्न लावत नाहीत.

राइना, कालिनाचा बाप्तिस्मा झालेला आहे. ती तीन महिन्यांची होती. तुझ्या सासूबाईंनी, योवा आजींनी, तो गुपचूप करवून घेतला आणि पाण्यातून तिला उचलून घेणारे हात माझे होते. मी तिची धर्ममाता आहे.

याचा अर्थ तुला समजावून सांगायला नको, तरी लिहिते, म्हणजे नंतर कुणी गैरसमजाची सबब काढायला नको. बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो. दुसऱ्यांदा करणं हे पहिल्याला खोटं म्हणणं आहे. आणि धर्ममातेचा मुलगा हा त्या मुलीचा भाऊ लागतो. तुझ्या माहेरच्या गावात तर धर्ममातेच्या घरातल्या मुलाशेजारी पोरीला नाचातही उभं करत नसत. हे लग्न चर्चमध्ये लागू शकत नाही.

मुलांना अजून काही माहीत नाही. आई तू आहेस, म्हणून आधी तुला कळवते आहे. फोन करू नकोस, तो यासेन उचलतो.

तुझी,
नेवेना

वार्ना, १४ जून

नेवेनाबाई,

बाई म्हणते, कारण पत्र वाचताना मला वाटलं मी फळ्यासमोर उभी आहे आणि तू हातात खडू घेऊन म्हणते आहेस, "बस खाली. नापास."

खरं सांग. माझी मुलगी केस कापते आणि तुझा मुलगा पूल बांधतो, हे तुला पहिल्या दिवसापासून खुपतं आहे ना? ईस्टरला आम्ही तुझ्याकडे आलो तेव्हा तू तिला विचारलंस, "दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का?" ती बिचारी खूश झाली, सासू काळजी करते म्हणून. मी नाही झाले. मी तुला कॉलेजपासून ओळखते. तुला नको असलेल्या माणसाच्या तब्येतीची तू फार चौकशी करतेस.

आणि बाप्तिस्मा! तू? दर ईस्टरला चर्चच्या फाटकाशी उभी राहून विद्यार्थ्यांना घरी हाकलणारी तू? कम्युनिस्टांच्या काळात शाळेने ज्या शिक्षकांना तिथे उभं केलं होतं त्यांच्यात सगळ्यात कडक तूच होतीस. मुलं म्हणायची, पुतळ्याची नजर चुकवता येईल पण केमिस्ट्रीच्या बाईंची नाही.

पण तू खोटं बोलत नाहीस, हीच तर पंचाईत आहे. आमच्या सासूबाई असं करणाऱ्यातल्या होत्याच. कालिनाच्या पहिल्या हिवाळ्यानंतर त्या माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघायच्या. मी त्याचा भलताच अर्थ लावला होता. ते असो.

समज तू म्हणतेस तसं झालं. कोण आहे आता? सासूबाई गेल्या. तो पाद्री गेला असेल. उरलो तू आणि मी. तू इतकी वर्षं गप्प राहिलीस, अजून अडीच महिने राहा. फादरना कालिनाच्या डोक्यावर पाणी घालू दे. पाण्याने कुणाचं वाईट झालं आहे? मुलगी रोज रात्री फोनवर तुझ्या मुलाशी हसत असते. मी तिला काय सांगू? की तो तुझा भाऊ आहे, कारण तुझी आजी आणि तुझी सासू एकदा चोरून चर्च चर्च खेळल्या?

राइना

द्र्यानोवो, १९ जून

प्रिय राइना,

कालिना मला आवडते. पाय दुखतात का असं विचारलं, कारण माझे दुखायचे. मीही आयुष्यभर उभीच होते. तिने उत्तरात मला एक मलम पाठवलं. ते मी लावते. हा मुद्दा संपला.

आता त्या दिवसाबद्दल, कारण तुला खेळ वाटला.

तुम्ही तेव्हा इथे द्र्यानोवोतच राहत होतात. तुझी जिल्ह्याच्या ठिकाणी तरुण संघटनेची बैठक होती. तुझा ल्यूबेन बोटीवर नोकरीला होता. सकाळी तुझ्या सासूबाई माझ्या दारात आल्या. एका हातात दुपट्यात गुंडाळलेली कालिना, दुसऱ्या हातात भोपळा भरलेल्या, पापुद्र्यांच्या बानित्साचं ताट. जिन्यात शेजारीण भेटली तर बानित्सा द्यायला आलो म्हणायचं, असा बेत. आत येऊन दार लावलं आणि म्हणाल्या, "बाई, तू शिकलेली आहेस, तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही. चल माझ्याबरोबर. हिला धर्ममाता पाहिजे."

मी म्हटलं, "आजी, माझी नोकरी जाईल. राइना तुम्हाला घराबाहेर काढेल."

त्या म्हणाल्या, "नोकरी दुसरी मिळेल. घराबाहेर मी कधीची बसायला तयार आहे, उन्हात बरं वाटतं. हे पोर सातव्या महिन्यात जन्मलंय, अजून ओठ निळे पडतात. हिला काही झालं तर देवाला नाव काय सांगू?"

मी गेले. का गेले याची कारणं देत बसणार नाही.

फादर सावांच्या घरी मागच्या खोलीत, आलुबुखाराचा मुरांबा करायच्या तांब्याच्या पातेल्यात बाप्तिस्मा झाला. रेडिओवर फुटबॉलचं समालोचन मोठ्याने लावलं होतं, पोर रडलं तर कळू नये म्हणून. श्रद्धेची प्रार्थना धर्ममातेला पाठ म्हणावी लागते. मी ती वाटेत पुटपुटत पाठ केली. पाण्यातून काढून फादरनी तिला माझ्या हातावर ठेवलं तेव्हा कुठल्या तरी संघाने गोल केला आणि रेडिओतली सगळी माणसं ओरडली. योवा आजी म्हणाल्या, "बघ, स्वर्गातही आनंद झाला." मग त्यांनी मला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की तुला कधी सांगणार नाही. त्या दिवशी आणखीही काहीबाही झालं, पण ते सांगण्यासारखं नाही.

तू विचारतेस, कोण आहे आता? मी आहे. ईस्टरआधीच्या पाम रविवारी झाडाफुलांच्या नावांच्या माणसांचा नामदिन असतो, म्हणून दर वर्षी कालिनाला माझ्याकडून हातमोजे नाहीतर रुमाल यायचे. तुला वाटायचं, नेवेनाला शिष्टाचार फार. आणि क्षमेच्या रविवारी, जेव्हा धर्ममुलं धर्ममातेकडे येऊन हाताचं चुंबन घेतात आणि चुका पोटात घाला म्हणतात, तेव्हा मी पांढरा हलवा आणायचे आणि टेबलावर एक जास्तीची ताटली मांडायचे. यासेन विचारायचा, कोण येणार आहे? मी म्हणायचे, कुणी नाही, तू गप्प खा.

अशी मी २३ ऑगस्टला चर्चमध्ये उभी राहून त्या दोघांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट ठेवलेले बघणार नाही. गप्प राहायची शपथ मी घेतली होती, देवासमोर खोटं बोलायची नाही. संत पीटरच्या सणापर्यंत कालिनाला सांग. नाहीतर मी वार्नाला येऊन सांगेन.

नेवेना

वार्ना, २८ जून

नेवेना,

उद्या पीटरचा सण आहे. मी कालिनाला सांगितलेलं नाही. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ती आरशासमोर स्वतःच्या डोक्यावर पडदा अडकवून उभी होती. खिडकीचा पडदा. मी परत फिरले.

यायचं ते ये, पण आधी हे वाच. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ल्यूबेनला तर मुळीच नाही.

कालिना गाब्रोवोच्या हॉस्पिटलमध्ये जन्मली. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले, तिच्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, आणखी होतील." नवऱ्यांना तेव्हा आत सोडत नसत, आठवतं ना, खाली रस्त्यावर उभे राहून खिडकीकडे हात हलवायचे. माझा तर तोही नव्हता. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. कालिना राखाडी झाली होती.

मी तरुण संघटनेची चिटणीस. आदल्याच वर्षी मी गिरणीत "अंधश्रद्धेचे अवशेष" या विषयावर भाषण दिलं होतं, तूच व्याकरण तपासून दिलं होतंस. आणि मी काय केलं? खिडकीत लिंडनच्या चहाचा ग्लास होता. तो विसळला, त्यात नळाचं पाणी घेतलं, आणि तिच्या डोक्यावर तीन वेळा घातलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. माझ्या आजीने गावात मरणाऱ्या पोरांना असं पाणी घातलेलं मी बघितलं होतं. नाव काय ठेवायचं हे आम्ही ठरवलंही नव्हतं. खिडकीबाहेर कालिनाचं झुडूप लाल फळांनी लगडलेलं होतं, म्हणून कालिना म्हटलं. ल्यूबेनला आजवर वाटतं, नाव त्याच्या आवडत्या आत्यावरून आहे.

मग मला वाटलं, हिच्यापाशी क्रूस हवा. क्रूस कुठून आणणार? मी तेव्हा न्हाणीघरात लपून सिगारेट ओढायचे. खिशातून दोन जळलेल्या काड्या काढल्या, बँडेजचा धागा ओढून आडव्याउभ्या बांधल्या, आणि सासूबाईंनी विणलेल्या पिवळ्या टोपीच्या अस्तरात शिवून टाकल्या. संध्याकाळी ती दूध प्यायली.

घरी आल्यावर मला स्वतःची लाज वाटली. घाबरलेल्या बाईचा वेडेपणा, एवढंच म्हणून सोडून दिलं. काड्या काढायचं मात्र धाडस होईना. रोज टोपी घालताना बोटाने चाचपायचे. मग एकदा बैठकीहून आले, टोपी चाचपली, तर आत काही नाही. अस्तर पुन्हा शिवलेलं होतं, निळ्या धाग्याने. आमच्या घरात निळा धागा नव्हता. तरी मला वाटलं, सासूबाईंना सापडला, त्यांनी काढून फेकला, आणि आता त्यांना माहीत आहे की भाषण देणारी सून काय करते. त्या मरेपर्यंत मी त्यांच्यासमोर मान खाली घालून वावरले. तुला वाटायचं, राइना सासूशी किती नम्र आहे!

तर आता तुझ्या नियमाने काय होतं ते सांग. तुझा बाप्तिस्मा खरा आणि माझा वेडेपणा, की उलट? मला खरंच कळत नाही. कदाचित तुला वाटेल, ही लग्न वाचवायला गोष्ट रचते आहे. माझ्याकडे पुरावा नाही. काड्या गेल्या त्या गेल्या.

राइना

द्र्यानोवो, ९ जुलै

प्रिय राइना,

उत्तराला उशीर झाला, कारण मला आधी दोन ठिकाणी जायचं होतं.

पहिलं ठिकाण माझ्याच घरात. शिवणाच्या डब्यात खाली, बटणांच्या खाली, गोळ्यांची एक पत्र्याची डबी आहे. ती उघडून बघितली. मग दुसऱ्या ठिकाणी गेले, फादर किरिलकडे. तो माझा विद्यार्थी. केमिस्ट्रीत दोनदा नापास झाला होता आणि ते तो विसरलेला नाही.

मी म्हटलं, "फादर, एका बाईची अडचण आहे."

"बसा बाई. ती बाई रसायनशास्त्र शिकवायची का?"

"ते महत्त्वाचं नाही."

"आणि तिच्या मुलाचं लग्न ऑगस्टमध्ये मीच लावणार आहे का?"

"किरिल, मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं, आणि तो गप्प बसला, दाढीसकट. सगळं सांगितलं. तुझा ग्लास, माझं पातेलं, दोन्ही. त्याने दोनदा दाढी ओढली. मग म्हणाला, "पोर मरणाच्या दारात. पाद्री नाही. कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो, आई तर नक्कीच. पाणी घातलं, तिन्ही नावं घेतली. झाला बाप्तिस्मा. मग फादर सावांनी माहीत नसताना पुन्हा पाण्यात घातलं, ती आंघोळ झाली. त्यांनी पवित्र तेल लावलं ते मात्र राहिलंच होतं, ते बरं झालं. आता मुलीचं काही करायचं उरलेलं नाही."

"आणि धर्ममाता?"

"पाण्यातून उचलते ती धर्ममाता. ज्या पाण्यातून बाईंनी उचललं, ते बाप्तिस्म्याचं पाणीच नव्हतं."

"मग ती बाई कोण?"

"नवऱ्या मुलाची आई," तो म्हणाला. "तेवढंच." आणि मग जरा मऊ आवाजात, "दोन्ही नाही होता येत, बाई."

तो शेवटी पाद्रीच, तेव्हा म्हणाला, "हे सगळं आईच्या शब्दावर उभं आहे. लग्न मोडतंय म्हटल्यावर आया काय काय आठवतात, मला माहीत आहे. बिशपसाहेब मला विचारतील, पुरावा काय?"

मी पर्समधून पत्र्याची डबी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

राइना, त्या दिवशीची जी गोष्ट मी सांगण्यासारखी नाही म्हटलं, ती ही. तेल लावून झाल्यावर टोपी घातली तशी कालिना किंचाळू लागली. रेडिओसुद्धा पुरेना. कपाळाशी काहीतरी टोचत होतं. मी नखं कापायच्या कात्रीने अस्तर उसवलं, आणि हातात दोन जळक्या काड्यांचा क्रूस आला. मी योवा आजींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि मान हलवली. मला वाटलं हे त्यांचं काम, म्हाताऱ्या बायकांची रीत. आणि आता तुझं पत्र वाचून कळतं, त्यांना वाटलं ते माझं काम. शपथा घेण्यात आणि रेडिओ मोठा करण्यात आम्ही इतक्या गुंतलो होतो की एकमेकींना एक शब्द विचारला नाही. मी तो पर्समध्ये टाकला, कारण राइनाच्या हाती लागला तर आजींची धडगत नाही असं मला वाटलं. अस्तर शिवून टाकलं. पर्समध्ये निळाच धागा होता, शाळेच्या कोटाच्या बटणांसाठी.

तुझा क्रूस मी तुझ्यापासूनच लपवला.

मी तुला पत्रात टोपीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी तू काड्यांचं अचूक लिहिलंस, हे फादर किरिलच्याही लक्षात आणून दिलं. त्याने तुझं पत्र वाचलं, डबीत बघितलं, आणि म्हणाला, "बिशपसाहेबांना मी सांगतो. मुलीला पांढरे बूट घ्यायला सांगा."

परवा निरोप आला. परवानगी आहे.

हलव्याची दुसरी ताटली मी कपाटात वर ठेवून दिली. ती सव्वीस-सत्तावीस वर्षं उगाचच मांडली जात होती असं निघालं. तक्रार नाही. कळवते आहे.

आता तरी मुलीला सांग. सगळं. अर्धवट सांगितलंस तर मला कळेल.

नेवेना

वार्ना, १७ जुलै

नेवेना,

सांगितलं. सगळं. स्वयंपाकघरात, मिरच्या भाजताना, कारण हातात काही काम असलं की मला बोलता येतं. ल्यूबेनही तिथेच होता. मी ग्लासाशी आले तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. काड्यांशी आले तेव्हा म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा सिगारेट ओढत होतीस?" तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढंच विचारायचं सुचलं! मग उठून बाल्कनीत गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला मिरच्यांचा धूर आहे. बाल्कनीत कुठला धूर? आणि झोपताना म्हणाला, "माझी आत्या काही इतकी चांगली नव्हती. झुडूपच बरं."

कालिना आधी हसली. मग रडली. मग तुझं ९ तारखेचं पत्र मागितलं. मी दिलं, रागावू नकोस. ताटलीपर्यंत आली आणि तिथे थांबली. म्हणाली, "आई, क्षमेच्या रविवारी सुनेनेही सासूच्या हाताचं चुंबन घ्यायचं असतं ना?"

मी म्हटलं, "असतं. चांगल्या घरात."

"मग त्यांना कळव, ताटली कपाटात ठेवू नका म्हणावं. मला हलवा जास्त लागतो."

मी आता रात्री जागी राहून एकाच गोष्टीचा विचार करते. सासूबाई आणि मी एका छपराखाली नऊ वर्षं राहिलो. दोघींनी एकाच पोरासाठी एकच गोष्ट केली आणि एकमेकींना घाबरत राहिलो. त्यांची ती नजर! मला वाटायचं, त्या म्हणताहेत, मला तुझं ठाऊक आहे. त्या बहुतेक विचारत असायच्या, तुला माझं कळलं का?

आम्ही २१ ऑगस्टला पोचतो. कोकरू एकच सांग. बाप्तिस्मा नाही, तेव्हा दोन मेजवान्या आता नाहीत.

तुझी,
राइना

द्र्यानोवो, २२ ऑगस्ट १९९८

आज सकाळी माझ्या घरी, फादर किरिल यांच्यासमोर, पुढील वस्तू राइनाच्या हवाली केल्या.

पांढरं सुती फडकं, एक. यात मुलीला पाण्यातून काढून गुंडाळलं होतं. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, तो धुवायचा नाही. मेणबत्ती, अर्धी जळलेली. फादर सावांनी मुलीच्या गळ्यात घातलेला चांदीचा लहान क्रूस, साखळी तुटलेली; ती मी दुरुस्त करून घेतली आहे. उद्या कालिना तो घालणार आहे. हे तिन्ही मी धर्ममाता म्हणून सांभाळलं होतं. धर्ममाता नव्हते असं ठरल्यावर ते माझ्याकडे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

राइनाने बदल्यात पिवळी टोपी पुढे केली. अस्तरावर शिवण निळ्या धाग्याची आहे, आणि ती माझीच आहे. टाके वाकडे आहेत, घाईत घातले होते. टोपी मी घेतली नाही. नातवंड होईल तेव्हा ती लागेल.

जळलेल्या दोन काड्यांचा क्रूस, बँडेजच्या धाग्याने बांधलेला, एक. पत्र्याच्या डबीसह. जिने केला होता, तिला परत.

देणारी: नेवेना, नवऱ्या मुलाची आई.
घेणारी: राइना, जिने बाप्तिस्मा दिला.